आज पाणी कुठपर्यंत?

पितळी परात फरशीवर पडली की लगेच गप्प होत नाही. आधी आपटते, मग काठावर तोलत गरगरत राहते, आणि खाली बसता बसता तिचा आवाज बारीक, घाईघाईचा होत जातो. मग एकदम शांत. ३५ वर्षं भांड्यांच्या दुकानात काढल्यावर हा आवाज मला तोंडपाठ आहे. २०२५ च्या श्रावणातल्या त्या संध्याकाळचं मला आठवतं ते एवढंच, की परात गरगरतेय. ती थांबलेली आठवत नाही.

आमचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात, आजोबांच्या वेळेपासूनचं. गोदावरी तिथून हाकेच्या अंतरावर, आणि पावसाळ्यात कधी कधी त्याहूनही जवळ. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की काही तासांत नदी फुगते. सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल हा सगळा सखल भाग. वडील १९६९ च्या महापुराच्या गोष्टी सांगायचे. २०१६ आणि २०१९ चा चिखल मी स्वतः उपसलाय, आणि घमेल्याने चिखल उपसताना माणूस पुराच्या गोष्टी सांगत नाही, शिव्या देतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच दोन तोंडांच्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे, दुतोंड्या मारुती. पाटबंधारे खातं क्युसेकमध्ये बोलतं, नाशिककर दुतोंड्यात बोलतात. दुतोंड्याच्या घोट्याला पाणी लागलं की आम्ही नुसतं म्हणतो, ‘आलं वाटतं.’ गुडघ्यापर्यंत आलं की पुलावर मोबाइल घेऊन बघ्यांची गर्दी. कमरेला लागलं की भांडी बाजारात खालच्या फळीवरचा माल वर चढायला लागतो. छातीच्या पुढे गेलं तर शटर ओढायचं आणि त्याचंच नाव घ्यायचं.

त्या दिवशी विसर्ग वाढवणार असल्याचा निरोप मोबाइलवर फिरत होता. मी कंबर-बिंबर व्हायची वाट न बघता घडवंचीवर चढलो आणि पराती माळ्यावर सरकवायला लागलो. खालून मामा एकेक परात देत होते. हे मामा म्हणजे वडिलांच्या वेळेपासून दुकानात असलेले, माझ्याआधी दुकानात आलेले आणि बहुधा माझ्यानंतर जाणारे. घडवंचीचा एक पाय फरशीच्या सांध्यात गेला, एवढंच. डोक्याची मागची बाजू शहाबादीवर आपटली.

पाणी त्या दिवशी दुकानात आलंच नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

पुढचा पाऊण तास मी इतरांकडून ऐकलेला आहे. मी बेशुद्ध पडलो नाही. उठून बसलो, परात उचलली, तिला पोचा आलाय का ते बघितलं म्हणे, आणि मामांना विचारलं, “शटर ओढलं का?” मामा म्हणाले, अजून नाही. मिनिटभराने परत, “शटर ओढलं का?” रिक्षात विचारलं, दवाखान्याच्या पायरीवर विचारलं. मामांच्या मोजणीप्रमाणे १७ वेळा. ही म्हणते त्याहून जास्त, कारण तिने फोनवर ऐकलेले मामांनी धरलेले नाहीत. डोक्याला मार लागला म्हणजे माणूस धाडकन बेशुद्ध पडायलाच हवा, ही सिनेमाने घालून दिलेली समजूत. बहुतेकांची शुद्ध जात नाही. माणूस चालतो, बोलतो, फक्त त्या वेळेपुरती आठवणीची वही कोरी राहते.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने विचारलं, आज वार कोणता? मी ठामपणे चुकीचा सांगितला. तिने कागदावर १४ लिहिले. १५ पैकी १४ म्हणजे उत्तमच की, असं आमच्या चिरंजिवांना वाटलं. ते मार्क नव्हते, किंवा होते म्हणा. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ही मोजणी काढली: डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. गोंधळून बोललो म्हणून माझा बोलण्यातला एक गेला. गंमत म्हणजे या परीक्षेत शून्य मिळतच नाही, कमीत कमी ३. अगदी निपचित पडलेल्यालाही तीन मिळतात. इतकी उदार परीक्षा मी शाळेत दिली नव्हती.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. आत्याने तिथल्या तिथे कपालेश्वराला नारळ बोलून टाकला आणि सगळे हसत घरी आले. माझ्या मते गोंधळाला खरी सुरुवात तिथून झाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी नीट सांगितलं. “मेंदूला मुका मार बसलाय. कन्कशन.” मुका मार हा शब्द ऐकल्यावर मला सगळं कळल्यासारखं झालं, कारण लहानपणापासून तो माहीत आहे. रक्त नाही, टाका नाही, प्लास्टर नाही, म्हणजे शाळेला दांडी मारायला पुरावा नाही, आणि दुखतं मात्र दुप्पट. डॉक्टर सांगत होते, मेंदू साधारण १४०० ग्रॅमचा, पण कवटीतल्या पाण्यात तरंगतो म्हणून त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमचा भरतो. जन्मभर तोलून माल विकलेल्या माणसाला हे ऐकून जरा हेवाच वाटला. तर डोकं फरशीवर थांबलं, पण आतला माल थांबला नाही, तो हलला, ताणला गेला. पेशींमधला पोटॅशियम बाहेर सांडला, बाहेरचं कॅल्शियम आत शिरलं. हे सगळं पुन्हा जागच्या जागी लावायला साखर लागते, ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच दिवसांत मेंदूचा रक्तपुरवठा आखडतो. म्हणजे धनत्रयोदशीला गिऱ्हाईक दाराबाहेर उभं आणि गोदामाची किल्ली हरवलेली. सीटीत हाड मोडलेलं दिसतं, रक्तस्राव दिसतो. किल्ली हरवलेली दिसत नाही.

घरी जाताना हिच्या हातात एक कागद दिला होता. सारखी उलटी झाली, डोकेदुखी वाढतच गेली, डोळ्यांतली एक बाहुली मोठी एक लहान दिसली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला, झटका आला, किंवा उठवूनही नीट जाग आली नाही, तर क्षणभर न थांबता परत आणा. हिने तो फ्रिजला चिकटवला. आत्याचा मात्र वेगळाच कागद होता, न लिहिलेला. डोक्याला लागलेल्याला झोपू द्यायचं नाही! तपासणी झालेली आहे, झोपच औषध आहे, असं डॉक्टरांनी सांगूनसुद्धा ती रात्री दोनपर्यंत माझ्याशेजारी बसून जुन्या नातेवाइकांची लग्नं मोजत होती. त्यातली निम्मी मोडली होती. मी कुठल्या लग्नात झोपलो ते आठवत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस शांत पडा. मी नऊ दिवस पडलो. खिडकीला जाड चादर, मोबाइल बंद, कानात कापसाचे बोळे. उजेड डोळ्यांत टोचायचा, पंचवटीतल्या आमच्या गल्लीत रिक्षा वळली की पोटात ढवळायचं. दोन दिवसांनी बरं वाटतंय तर नऊ दिवसांनी किती वाटेल, असा व्यापारी हिशेब. उलटंच झालं. नवव्या दिवशी मी दहा पावलं चाललो तर भिंत धरावी लागली, आणि ताटात चमचा वाजला तरी दचकायला लागलो.

डॉक्टर रागावले. पूर्वी असंच सांगायचे, अंधारात पडून राहा म्हणून. आता ते मत मागे पडलंय. खेळाडूंच्या कन्कशनवर काम करणाऱ्या तज्ज्ञांची २०२२ साली अ‍ॅम्स्टरडॅमला परिषद झाली, तिने हे स्पष्ट लिहिलंय: पहिले एकदोन दिवस सोसवेल तेवढीच हालचाल, मग हलकं चालणं सुरू. चालताना त्रास थोडा वाढला तरी घाबरायचं नाही. शून्य ते दहा अशी मोजपट्टी धरा. काम करताना त्रास दोन आकड्यांपर्यंत चढला आणि तासाभरात उतरला, तर चालेल. त्याहून चढला किंवा रेंगाळला, तर हात आखडता घ्या. “आणि ते बोळे काढा. कान जितके झाकाल तितके जास्त नाजूक होतील.”

मोजपट्टी माझ्या डोक्यात शिरेना. सकाळी उठून मला कळायचंच नाही की हे तीन आहे की पाच. रतीब मोजल्यासारखी डोकेदुखी कशी मोजायची? हिनेच मार्ग काढला. तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाली, “अहो, आकडा राहू द्या. दुतोंड्याच्या कुठपर्यंत पाणी आलंय ते सांगा.”

मी पटकन म्हणालो, “गुडघ्याच्या वर. कमरेला टेकलं नाही.”

झालं. घोटा म्हणजे दोन, गुडघा चार, कंबर सहा, छाती आठ, आणि दोन्ही तोंडं बुडाली की दहा. घोट्यावरून गुडघ्यापर्यंत चढलं तरी चालतं, तासाभरात उतरलं पाहिजे. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि त्यांनी केसपेपरवर कोपऱ्यात ‘गुडघा’ असं खरंच लिहिलं. पुढचे तीन महिने आमच्या घरात सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न असे: आज पाणी कुठपर्यंत?

चालणं दहा मिनिटांपासून सुरू केलं. घरापासून नदीपर्यंत आणि परत. आयुष्यभर जी वाट स्कूटरवरून न बघता तुडवली ती पायी बघितली, असं लिहिण्याची पद्धत आहे. पण खरं सांगायचं तर मी बघत नव्हतो, पायाखालचा दगड मोजत होतो. मान वर केली की सगळं अर्धा क्षण उशिरा जागेवर यायचं. श्रावण म्हणजे कपालेश्वराच्या पायऱ्यांवर रांग, घंटा, बेलाचे वाटे, ध्वनिक्षेपकावर हरवलेल्या माणसांची नावं. पहिल्या सोमवारी मी पायऱ्यांच्या आधीच वळलो, दुसऱ्या सोमवारी पायऱ्यांपर्यंत गेलो, तिसऱ्या सोमवारी आत्याचा नारळ फोडून आलो. पाणी चढलं, उतरलं. फिजिओथेरपिस्ट मुलीने एक व्यायाम दिला होता: हात लांब करून अंगठा उभा धरायचा, नजर त्याच्या नखावर ठेवायची आणि मान डावीकडे-उजवीकडे हलवायची. दिवसातून तीन वेळा मी असा गॅलरीत उभा. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ आठवडाभर मला परत अंगठा दाखवत होते. त्यांना वाटलं, मी ठीक असल्याचं कळवतोय.

दुकानात चिरंजीव बसत होते. अभियांत्रिकीचं शेवटचं वर्ष. पहिल्याच दिवशी त्याने जाहीर केलं, “बाबा, मी तुमचा कन्कशन सबस्टिट्यूट.” क्रिकेटमध्ये हा नियम २०१९ पासून आहे, डोक्याला चेंडू लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेता येतो, तो जवळपास त्याच जातकुळीचा हवा. २०२५ च्या ३१ जानेवारीला पुण्यात, गहुंजेला, शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसला, त्याच्या जागी हर्षित राणा आला आणि तीन बळी घेऊन गेला. मधल्या फळीतल्या फलंदाजाला वेगवान गोलंदाज हा कुठला बदली, असं म्हणत इंग्लंडचा बटलर भडकला होता. मला बटलरचं म्हणणं तेव्हा पटलं नव्हतं, दुकानात माझा बदली बसल्यावर पटलं. एका बाईंनी पळी-पंचपात्र मागितलं. याने पळी दिली आणि पाच वेगवेगळी भांडी शोधायला माळ्यावर गेला. पंचपात्र म्हणजे एकच, पूजेतलं सरळ उभं पेलं, हे मामांनी खालून ओरडून सांगितलं. ताम्हनाला तो अजूनही ‘खोलगट ताटली’ म्हणतो. पण बिलं मात्र माझ्यापेक्षा झटझट करायचा, हे मान्य केलं पाहिजे, आणि ते मान्य करताना त्या दिवसांत मला फार त्रास व्हायचा.

कारण माझं डोकं हिशेबाला लागत नव्हतं. तांब्या-पितळेचा जीएसटीचा कोड ७४१८, स्टीलचा ७३२३. झोपेत विचारलं तरी सांगितला असता. आता ७४ पर्यंत यायचो आणि पुढे धुकं. वर्तमानपत्राचा एक रकाना वाचला की अक्षरं मुंग्यांसारखी सरकायची. चार वाजले की पायातलं बळ गेल्यासारखा मेंदू बसायचा. आणि हे कुणालाही दिसत नव्हतं.

लोक येत, बघत आणि म्हणत, “दिसताय तर ठणठणीत!” ठणठणीत हा शब्द आमच्याच दुकानातून बाहेर पडलेला असणार, असं माझं जुनं मत आहे. आमच्या धंद्यात डोळ्यांपेक्षा कान मोठा. भांडं तळहातावर तोलायचं आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. सलग भांडं ठण्ण वाजतं, नाद हातात थरथरत राहतो. काशाचा नाद सर्वांत लांब रेंगाळतो, पितळेचा त्याहून आखूड. कुठे केसभर चीर असली तर तेच भांडं बद्द वाजतं. वरून चकाकी तीच, घाट तोच, वजन तेच. गिऱ्हाईकाला दाखवायला काही नसतं, नुसतं ‘हे घेऊ नका’ एवढंच सांगता येतं. मी घरात बसून ‘ठणठणीत’ ऐकत होतो आणि मला आत माझा आवाज बद्द येत होता. कुणाला दाखवणार? दोन-तीन जणांच्या चेहऱ्यावर मी स्पष्ट वाचलं की याला दुकानात बसायचा कंटाळा आलाय. सगळ्यांत वाईट म्हणजे रात्री कधी कधी मलाही तसंच वाटायचं. खरंच दुखतंय का, की मी पोराला गादीवर बसवून आयता चहा पितोय? आयुष्यात एकही दिवस खोटं आजारी न पडलेला माणूस स्वतःवरच संशय घेतो तेव्हा त्याला साक्षीदार कुठून आणायचा?

आणि चिडचिड. घरात भांड्याला भांडं लागतंच, ही म्हण भांडेवाल्याला लोकांनी हजार वेळा ऐकवलेली असते, आणि हजार वेळा आपणच पहिल्यांदा सुचल्यासारखी. आमच्याकडे लागायचं ते नेहमीच्या आवाजात. ऑगस्टात एके सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि मी हातातला कप भिंतीवर फेकला. माझ्या हातून असं काही कधी घडलेलं नाही. ही काही बोलली नाही. केर भरला, भिंत पुसली. मीही काही बोललो नाही, आणि दोन-तीन दिवसांत विसरून गेलो, कारण त्या काळात विसरणं मला सोपं जात होतं.

पंधरा-वीस दिवसांनी जेवताना जाणवलं, वरणाची चव बदललीय. जरा जास्त मुरलेलं, डाळीचा दाणा अर्धवट शाबूत. विचारलं तर म्हणाली, “पातेल्यात शिजवते आजकाल.” त्या सकाळपासून तिने कुकर लावलाच नव्हता. भात, डाळ, बटाटे, सगळं उघड्या पातेल्यावर, गॅसपुढे तासभर उभं राहून. घरात तिच्याच दुकानातले तीन कुकर असताना. मला काय बोलावं कळेना. मी म्हटलं, उद्यापासून लाव. तिने दुसऱ्या दिवशी कुकर लावला आणि शिट्टीच्या आधी दारात येऊन उभी राहिली. “आता होईल हं.” झाली. मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता. तिने गॅस बंद केला. “एकच ठेवली. कुठपर्यंत?” घोट्यापर्यंत. मग दोन, मग तीन. असं एकेका शिट्टीने ते घर परत आवाजाला लागलं. अ‍ॅम्स्टरडॅमच्या तज्ज्ञांनी जे लिहिलंय ते हिने आमच्या ओट्यावर केलं, एवढंच मी म्हणेन.

हे चांगलं चाललेलं असताना मी माती खाल्ली. अनंत चतुर्दशी. नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला विसर्जनाच्या दिवशी घरात बस म्हणणं म्हणजे वारकऱ्याला एकादशीला पंढरपुरात खोलीत कोंडणं. तरुणपणी मी कमरेला ढोल बांधून नाचलेला माणूस. नाशिक ढोल लग्नावरातीत देशभर गेला, पण तो कानाने ऐकायचा नसतोच, तो छातीच्या पिंजऱ्यात वाजतो. ठरवलं होतं, कोपऱ्यावर लांब उभं राहायचं, दहा मिनिटं. पथक लांब होतं तोवर ठीक. मग ते वळलं, गुलाल उडाला, आणि पहिल्या ठेक्याबरोबर ओळखीचं काहीतरी अंगात उठलं. मी पुढे सरकलो. किती वेळ ते ठाऊक नाही. चिरंजिवाने दंडाला धरून बाहेर काढलं तेव्हा पाणी दुतोंड्याच्या गळ्याशी होतं. पुढचे दोन दिवस पुन्हा चादर लावलेली खिडकी.

डॉक्टरांकडे मी गुन्हेगारासारखा बसलो होतो. ते म्हणाले, नवीन इजा झालेली नाही, जमेपेक्षा खर्च जास्त झाला, आता दोन पायऱ्या खाली उतरा आणि तिथून परत चढा. फक्त पुन्हा डोक्यावर आपटायचं नाही, ते मात्र महागात पडेल. स्कूटर त्यांनी अजून महिनाभर लांबवली. रविवार कारंजावरून जाताना रिक्षात बसून मी माझ्याच वयाच्या लोकांना हेल्मेट आरशाला टांगून गाडी चालवताना बघायचो. पूर्वी मीही तसाच चालवायचो, त्यामुळे फार बोलण्याचा मला हक्क नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर दुकानात जायला लागलो. सकाळी दुकान उघडताना अर्धा तास, गिऱ्हाईक नसताना. मग तास. पैसे आल्याचं सांगणारा तो डबा चिरंजिवाने कापडात गुंडाळून ठेवला होता. त्यामुळे ‘पाचशे रुपये प्राप्त झाले’ हे शेजारच्या खोलीत कुणीतरी रडत सांगतंय असं वाटायचं. मी गादीवर बसून नुसता वरच्या फळीकडे बघण्याचा सराव करायचो. आणि तेवढ्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून भांड्यांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. सगळा बाजार जुने दर विसरण्याच्या खटपटीत. मामांनी तीन बिलं १२ ने केली, शेजारच्या दुकानदाराने पाच. त्या आठवड्यात भांडी बाजारात माझ्याइतकाच प्रत्येक जण चुकत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. ७४१८ मात्र आठवला होता. आपोआप, चहा पिताना.

एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. कान परत आला नव्हता. आवाज सोसायला लागला होता, पण आवाजातला फरक कळत नव्हता. मामा गिऱ्हाईकापुढे टिचकी मारायचे आणि मला काशाची वाटी आणि पितळी वाटी सारखीच वाजायची, नुसतं टोकदार काहीतरी. सहा महिन्यांपूर्वी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बसून सांगितलं असतं. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून माझ्याकडे आलेलं दुकानातलं एवढंच होतं जे विकत घेता येत नाही, आणि ते फरशीवर सांडलं असावं, असं धरून मी चाललो होतो.

धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला, आमच्याकडे वर्षातली सर्वांत मोठी विक्री. नवं भांडं घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, असं मानणारी माणसं निफाड-दिंडोरीपासून येतात. आदल्या रात्री घरी बैठक बसली आणि मला रेशनकार्डासारखा वेळ मिळाला: सकाळी दोन तास, दुपारी झोप, संध्याकाळी तीन. वाद घातला नाही. संध्याकाळी साडेसातच्या गर्दीत, तांबे, समया, हंडे एकमेकांवर आपटत असताना, चिरंजीव एका आजीबाईंना काशाची वाटी कागदात गुंडाळून देत होता. नातीच्या उष्टावणासाठी हवी होती. गुंडाळता गुंडाळता त्याची अंगठी वाटीला लागली.

मी हात पुढे केला. “आण इकडे.”

टिचकी मारली. मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा मारली. मामांनी हातातला तराजू थांबवून माझ्याकडे बघितलं.

“ही नको. दुसरी दे आजींना.”

“बाबा, एकदम कोरी आहे,” तो म्हणाला. दिवसभरच्या गर्दीने वैतागला होता बिचारा. आजीबाई मात्र काही न विचारता दुसऱ्या वाटीसाठी हात पुढे करून उभ्या राहिल्या. नंतर त्याने ती पहिली वाटी मोबाइलच्या उजेडात फिरवून फिरवून बघितली. काठाच्या खाली, आतल्या अंगाला, केस चिकटल्यासारखी रेघ होती. तो नखाने तो केस काढायला बघत होता.

रात्री दहाला दुकान बंद केलं. पाणी गुडघ्याच्या वर होतं, उतरायला तीन तास लागले, नियमाप्रमाणे दोन जास्त. चौघं नदीच्या दिशेने चालत निघालो. ही, चिरंजीव, मामा आणि मी. घाटावर दिवे होते. पुलाच्या तोंडाशी आल्यावर मी थांबलो.

“शटर ओढलं का?”

तिघंही जागच्या जागी थांबले. हिने माझा चेहरा दिव्याच्या बाजूला वळवला.

“अहो, पहिल्यांदाच विचारतोय,” मी म्हणालो.

“ओढलं,” मामा म्हणाले. आणि तरी एकटेच मागे वळून कुलूप ओढून बघून आले.